एका रोग्यासाठीं एक औषध

नवें औषध बाजारांत येण्यापूर्वीं तें शेंकडों, कधीं हजारों रोग्यांवर पारखून घेण्याचा रिवाज आतां साऱ्या जगांत रूढ झाला आहे. रोग्यांचे दोन गट पाडावयाचे, कोणाला नवें औषध द्यावयाचें व कोणाला जुनें किंवा नुसती साखरेची गोळी द्यावयाची हें चिठ्ठ्या टाकून ठरवावयाचें, आणि कोणाला काय मिळालें हें रोग्यालाहि कळूं द्यावयाचें नाहीं व डॉक्टरालाहि नाहीं, असा हा प्रकार असतो. ह्या कडक शिस्तीमुळेंच गुण कोणता आणि भास कोणता हें निवडतां येतें. परंतु ह्या सर्व व्यवस्थेच्या मुळाशीं एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. ती ही कीं, त्या रोगाचे रोगी पुरेसे मिळतात. जेथें साऱ्या पृथ्वीवर त्या विशिष्ट दोषाचा माहीत असलेला रोगी एकच आहे, तेथें गट कोणाचे पाडावे आणि चिठ्ठी कोणाच्या नांवाची टाकावी?

हा प्रश्न आतां कल्पनेंतला राहिलेला नाहीं. इ. स. २०१८ च्या जानेवारी महिन्याच्या अखेरीस अमेरिकेंतील बॉस्टन शहराच्या बालरुग्णालयांत सात वर्षांच्या एका मुलीला पाठीच्या कण्यांतील द्रवांत एक औषध टोंचण्यांत आलें. तें औषध त्या मुलीसाठींच रचलेलें होतें. त्यापूर्वीं तें कोणाहि मनुष्याला दिलेलें नव्हतें आणि पुढें दुसऱ्या कोणाला उपयोगी पडेल अशी अपेक्षाहि नव्हती. त्याचें नांवसुद्धां तिच्या नांवावरूनच ‘मिलासेन’ असें ठेवण्यांत आलें. वैद्यकाच्या इतिहासांत एका रोग्यासाठीं मुद्दाम घडविलेल्या औषधाचें इतकें ठळक उदाहरण त्यापूर्वीं नव्हतें.

ती मुलगी जन्मतः धडधाकट दिसत होती. पुढें तिचे पाय अडखळूं लागले, दृष्टि अधू झाली, शिकलेले शब्द एकेक करून गळूं लागले, आणि २०१६ सालाच्या अखेरीस, सहा वर्षांची असतां, तिला बॅटन नांवाचा रोग असल्याचें निदान झालें. शरीरांतील प्रत्येक पेशींत टाकाऊ द्रव्यांची विल्हेवाट लावणारी एक व्यवस्था असते. ह्या रोगांत ती बिघडते, मेंदूच्या पेशींत केर सांचत जातो, आणि हळूहळू मूल आंधळें व पांगळें होऊन, अपस्मारासारख्या झटक्यांनीं गांजून, बहुधा तारुण्यापूर्वींच दगावतें. ह्या रोगावर रामबाण उपाय कोणाजवळच नव्हता.

आतां तिच्यासाठीं केलेलें औषध काय होतें तें समजण्यास जुन्या पोथीचा दाखला उपयोगी पडेल. शरीर कसें घडावें ह्याची एक भलीमोठी पोथी प्रत्येक पेशींत असते असें समजावें. तिच्यांतील एकेका प्रकरणाला जनुक म्हणतात. प्रत्येक प्रकरणाच्या दोन प्रती असतात, एक बापाकडून आलेली व एक आईकडून आलेली. एक बिघडली तरी दुसरीवर काम भागतें. दोन्ही बिघडल्या म्हणजे रोग होतो. ह्या मुलीच्या एका प्रतींतील चूक सांपडली होती, दुसरींतील सांपडत नव्हती. डॉ. टिमोथी यू व त्यांचे सहकारी ह्यांनीं तिची संपूर्ण पोथी अक्षर न् अक्षर वाचून काढली, तेव्हां असें दिसून आलें कीं, प्रकरणाच्या मधल्या एका निरर्थक भागांत भलताच उपरा मजकूर घुसला आहे. नक्कल करणारा लहिया त्या ठिकाणीं येतांच फसतो, वाक्य मध्येंच तोडतो आणि पुढचें सारें प्रकरण वायां जातें. ह्यावर डॉ. यू ह्यांनीं जो उपाय योजिला तो साधा, पण मोठ्या कल्पकतेचा होता. फसविणाऱ्या जागेवर नेमकी बसेल अशी बावीस अक्षरांची एक चिठ्ठी त्यांनीं तयार केली. ती चिकटविली म्हणजे लहियाला उपरा मजकूर दिसत नाहीं व तो सरळ पुढें जातो.

ह्या जातीची चिठ्ठी वैद्यकाला अगदींच नवीन नव्हती. मुलांच्या मज्जारज्जूंतील पेशी झिजविणाऱ्या दुसऱ्या एका रोगावर नुसिनर्सेन नांवाचें अशाच घडणीचें औषध २०१६ च्या डिसेंबरांत अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानें मान्य केलें होतें. तोच सांगाडा घेऊन अक्षरें तेवढीं बदललीं. म्हणूनच जें काम एरवीं दहा-दहा वर्षें घेतें तें निदानापासून पहिल्या मात्रेपर्यंत वर्ष-सव्वावर्षांत उरकलें. उंदरांवरील विषारीपणाची परीक्षाहि आटोपशीर करण्यास प्रशासनानें मुभा दिली, कारण रोग थांबून राहणारा नव्हता.

परिणाम काय झाला? औषधापूर्वीं त्या मुलीला दिवसाकांठीं पंधरा ते तीस झटके येत व एकेक झटका एक-दोन मिनिटें टिके. औषधानंतर कांहीं दिवस एकहि झटका न येतां जाऊं लागले, वाईट दिवशीं ते वीसपर्यंत जात, आणि टिकत ते मिनिटाच्या आंत. मुलीला स्वास्थ्य लाभलें ह्यांत संशय नाहीं. परंतु गेलेली दृष्टि परत आली नाहीं, गेलेले शब्द परत आले नाहींत, आणि २०२१ च्या फेब्रुवारींत, वयाच्या दहाव्या वर्षीं, ती मुलगी वारली.

ह्या हकीकतीला यश म्हणावें कीं अपयश, ह्यावर विद्वानांत बरेंच लिहिणें झालें आहे. परंतु तो वाद येथें महत्त्वाचा नाहीं. महत्त्वाचें हें कीं, मनुष्यावर प्रयोग करतांना पाळावयाचे जे नियम गेल्या पाऊणशें वर्षांत मोठ्या दुःखद अनुभवानंतर तयार झाले, ते सारे अनेक रोग्यांवरील प्रयोग डोळ्यांसमोर ठेवून झालेले आहेत. दुसऱ्या महायुद्धांतील जर्मन डॉक्टरांच्या अमानुष कृत्यांचा निवाडा करतांना १९४७ सालीं न्युरेंबर्ग येथें पहिली नियमावली निघाली. १९६४ सालीं जगांतील डॉक्टरांच्या महासंघानें हेलसिंकी येथें आपला जाहीरनामा केला. आणि १९७९ सालीं अमेरिकेंत बेलमाँट अहवाल प्रसिद्ध झाला. ह्या शेवटच्या अहवालानें एक रेघ आंखून दिली. जें समोरच्या रोग्याच्या भल्यासाठीं केलें जातें तो उपचार, आणि जें सर्वांना उपयोगी पडणारें ज्ञान मिळविण्यासाठीं केलें जातें तें संशोधन. उपचारांत डॉक्टर व रोगी दोघांचा विश्वास पुरतो. संशोधनाला मात्र बाहेरच्या समितीची परवानगी लागते, कारण तेथें डॉक्टराच्या मनांत रोग्याखेरीज दुसराहि एक हेतु वास करीत असतो.

एका रोग्यासाठीं केलेलें औषध ह्या रेघेच्या कोणत्या बाजूला ठेवावयाचें? त्या मुलीला टोंचलेली सुई तिच्या भल्यासाठीं होती हें खरें. पण तें औषध कोणीहि पूर्वीं घेतलेलें नव्हतें, म्हणून ती पहिली परीक्षाहि होती. त्याला नुसता उपचार म्हटलें तर देखरेखीचा सारा पहारा उठतो. त्याला नुसतें संशोधन म्हटलें तर शेंकडों रोग्यांसाठीं केलेले नियम एका मरणोन्मुख मुलावर लादावे लागतात, आणि नियमांची पूर्तता होईतों मूल हातचें जातें. अमेरिकेंत ह्यावर सध्यां मधला मार्ग काढलेला आहे: रोगी एक असला तरी प्रशासनाची परवानगी व नीतिसमितीची संमति लागतेच, मात्र कागदपत्रांचा भार हलका केलेला असतो. २०२१ पासून अशा औषधांसाठीं त्या प्रशासनानें निराळीं मार्गदर्शक पत्रकें काढण्यास आरंभ केला. परंतु पत्रकानें मनांतला गोंधळ जात नाहीं. आईबापांना कितीहि वेळां सांगितलें कीं हा प्रयोग आहे, तरी त्यांच्या कानांत ‘उपचार’ हाच शब्द घुमतो. त्यांना दोष देण्यांत अर्थ नाहीं. बुडत्याला काडीचा आधार वाटतो, आणि येथें तर काडीवर आपल्याच मुलाचें नांव कोरलेलें असतें.

म्हणूनच संमतीचा प्रश्न ह्या ठिकाणीं नेहमींपेक्षां अवघड होतो. ज्याच्या अंगांत सुई जावयाची तें मूल बोलूं शकत नाहीं. त्याच्या वतीनें बोलणारे आईबाप भीतीनें व आशेनें व्याकूळ झालेले असतात. आणि समजावून सांगणारा डॉक्टर तोच असतो ज्यानें तें औषध घडविण्यांत आपलीं रात्रंदिवस श्रमाचीं वर्षें घातलीं आहेत. तिघांपैकीं अलिप्त असा कोणीच नाहीं. त्यांतहि अनेकदां औषधासाठीं पैसा उभा करणारे तेच आईबाप असतात. बॉस्टनच्या मुलीच्या बाबतींत आईबापांनीं एक निधि स्थापून लोकांकडून लाखों डॉलर जमविले. हजारों लोकांनीं ज्या सुईसाठीं पैसा दिला, तिच्या आदल्या दिवशीं ‘आम्हांला हें नको’ असें म्हणण्याची मोकळीक त्या घराला कितपत उरते? कायद्याच्या दृष्टीनें ती पूर्ण असते. मनाच्या दृष्टीनें ती किती उरते हें निराळें सांगावयास नको.

हा गुंता मुलांपुरताच आहे असेंहि नाहीं. ड्युशेन नांवाच्या रोगांत स्नायु वितळत जातात. त्या रोगाच्या सत्तावीस वर्षांच्या एका तरुणावर २०२२ च्या ऑक्टोबरांत अमेरिकेंत त्याच्यासाठींच घडविलेला जनुक-उपचार करण्यांत आला. उपचार शरीरांत पोंचविण्यासाठीं निरुपद्रवी केलेल्या विषाणूंची फार मोठी मात्रा द्यावी लागली. त्या विषाणूंवरच शरीर खवळून उठलें, फुप्फुसें निकामी झालीं, आणि आठव्या दिवशीं तो तरुण गेला. उपचाराचा गुण आला कीं नाहीं हें कळण्याइतका अवधिहि मिळाला नाहीं. तो तरुण सज्ञान होता, आपल्या रोगाचा जाणकार होता, आणि त्याची संमति खरी होती. परंतु ज्या संस्थेनें तो प्रयोग उभा केला ती त्याच्या सख्ख्या भावानेंच त्याच्यासाठीं स्थापन केलेली होती. भावानें कांहीं गैर केलें असें कोणी म्हणत नाहीं, आणि म्हणूंहि नये. प्रेमापोटीं झालेल्या कामालाहि त्रयस्थाची नजर लागते, एवढाच ह्यांतील मुद्दा आहे. अशा प्रत्येक प्रसंगीं रोग्याच्या बाजूनें बोलणारा, पण त्या औषधाशीं व त्या पैशाशीं कसलाहि संबंध नसलेला एक डॉक्टर नेमावा, ही सूचना ह्यासाठींच रास्त वाटते.

पैशाचा विषय निघाला म्हणून न्यायाचाहि विचार करणें प्राप्त आहे. ज्यांना व्याख्यानें देतां येतात, वर्तमानपत्रांत बोलतां येतें, ओळखीपाळखी आहेत, त्यांच्या मुलासाठीं निधि जमतो. तोच रोग झालेलें गरिबाचें मूल मुकाट्यानें जातें. हा अनुभव महाराष्ट्रालाहि आहे. २०२१ सालीं मुंबईंतील एका तान्ह्या मुलीच्या परदेशी औषधासाठीं लोकवर्गणींतून सुमारें १६ कोटि रुपये उभे राहिले. तें औषध तिच्या एकटीसाठीं केलेलें नव्हतें, तरी त्याच रोगाचीं दुसरीं किती मुलें त्या वर्गणीवांचून राहिलीं असतील ह्याची गणती कोणी केलेली नाहीं. भारत सरकारनें २०२१ सालीं दुर्मिळ रोगांचें राष्ट्रीय धोरण ठरविलें. त्याखालीं नेमलेल्या केंद्रांत परळचें के. ई. एम्. रुग्णालयहि आहे, व २०२२ पासून एका रोग्यामागें पन्नास लाख रुपयांपर्यंत साह्य देण्याची तरतूद आहे. ही मदत लहान नाहीं. परंतु नवें औषध रचण्याच्या खर्चापुढें ती कोठेंच पुरत नाहीं.

अमेरिकेंत डॉ. स्टॅन्ली क्रुक ह्यांनीं २०२० सालीं एन्-लोरेम नांवाची एक धर्मादाय संस्था काढली. ज्या दोषाचे रोगी साऱ्या जगांत तीसपेक्षां अधिक नाहींत अशांसाठीं ही संस्था औषध घडविते, आणि तें रोग्याला आमरण फुकट देण्याचें वचन देते. ह्यानें पैशाची अडचण कांहीं अंशीं दूर झाली, तरी निवडीची राहिली. कारण चिठ्ठी चिकटवून सुधारतां येईल अशी चूक सर्वांचीच नसते. डॉ. यू ह्यांच्याच मंडळीनें तोल व प्रतिकारशक्ति बिघडविणाऱ्या एका आनुवंशिक रोगाच्या २३५ रोग्यांच्या पोथ्या तपासून २०२३ सालीं जें प्रसिद्ध केलें त्यावरून असें दिसतें कीं, शंभरांत नऊ जणांना ह्या पद्धतीचा उपयोग होण्याचा बराच संभव आहे व आणखी सहा जणांना कदाचित् होईल. म्हणजे उरलेल्या पंचाऐशींना, रोग तोच, आईबाप तितकेच कासावीस, तरी ‘तुमच्या मुलाची चूक निराळ्या जागीं आहे’ एवढेंच उत्तर मिळावयाचें. हें नशिबाचें अंतर कोणत्याहि समितीला बुजवितां येणार नाहीं. समितीला इतकेंच करतां येईल कीं, ज्या पंधरांना उपयोग होण्यासारखा आहे त्यांच्यांतून निवड करतांना बापाची ऐपत विचारांत घेऊं नये.

आतां गुण आला कीं नाहीं हें ओळखावयाचें कसें? ह्या बाबतींत एका रोग्यावर शिस्तशीर परीक्षा करण्याची एक जुनी पद्धति उपलब्ध आहे. कॅनडांतील मॅकमास्टर विद्यापीठाचे डॉ. गॉर्डन गायट व त्यांचे सहकारी ह्यांनीं १९८६ सालीं ती मांडली. रोगी एकच, परंतु त्याला कांहीं आठवडे खरें औषध व कांहीं आठवडे खोटें औषध आळीपाळीनें द्यावयाचें, क्रम चिठ्ठीनें ठरवावयाचा, आणि सध्यां कोणतें चाललें आहे हें त्याला कळूं द्यावयाचें नाहीं. म्हणजे तो रोगी स्वतःच स्वतःशीं ताडून पाहिला जातो. नेदरलंडमध्यें दुर्मिळ स्नायुरोगांवर जुन्या औषधांची परीक्षा ह्याच पद्धतीनें झालेली आहे; एका परीक्षेंत तर रोगी चारच होते. पद्धति नामी आहे, पण तिला दोन अटी आहेत: रोग बराच काळ एका पातळीवर राहणारा असावा, आणि औषध बंद केलें कीं त्याचा परिणाम लौकर ओसरणारा असावा. बॅटनसारख्या रोगांत दोन्ही अटी मोडतात. आज जें मूल चालतें तें सहा महिन्यांनीं चालत नाहीं. चिठ्ठीचा परिणाम महिनेच्या महिने टिकतो. आणि ‘खोटें औषध’ देण्यासाठीं मुलाच्या पाठींत पुन्हा सुई खुपसावयाची हें कोणाच्याहि मनाला पटणारें नाहीं.

तेव्हां उरतो मार्ग एवढाच कीं, औषध सुरू करण्याच्या अगोदरच कोणत्या खुणा पाहावयाच्या तें लिहून ठेवावें, आणि मागून त्यांत बदल करूं नये. नाहींतर झटके कमी झाले तर झटके मोजावे, ते न झाले तर झोंप मोजावी, झोंपहि न सुधारली तर मुलाच्या चेहऱ्यावरचें हसूं मोजावें, असें होत जातें. हसूं खोटें असतें असें नव्हे; आईला दिसलेलें हसूं बहुधा खरेंच असतें. परंतु त्यावरून दुसऱ्या मुलाला तीच सुई टोंचावी कीं नाहीं हें ठरवितां येत नाहीं. अमेरिकी प्रशासनांतील डॉ. जॅनेट वुडकॉक व डॉ. पीटर मार्क्स ह्यांनीं २०१९ च्या ऑक्टोबरांत, मिलासेनची हकीकत प्रसिद्ध झाली त्याच वेळीं, तिच्यासोबतच्या लेखांत हाच प्रश्न उघड विचारला होता: मनुष्याला नवें औषध देण्यापूर्वीं किती पुरावा पुरे, जीवघेण्या रोगांतहि सुरक्षिततेची किमान हमी कोणती, आणि गुण मोजावयाचा कशानें?

सुरक्षिततेविषयींची त्यांची शंका निराधार नव्हती. के. सी. एन्. टी. १ ह्या जनुकांतील दोषामुळें तान्ह्या मुलांना अपस्माराचा अतिशय तीव्र रोग होतो. अशा दोन मुलींना त्यांच्या दोषावर बेतलेलें चिठ्ठीच्या जातीचें औषध देण्यांत आलें. झटके कमी झाले, आणि आशा वाढली. पण पुढें दोघींच्याहि मेंदूंत पाणी सांचूं लागलें, व दोघींपैकीं एक दगावली. २०२२ सालीं ही गोष्ट डॉक्टरांच्या सभेंत व वर्तमानपत्रांत उघडपणें सांगण्यांत आली. ती सांगणाऱ्यांत डॉ. यू स्वतः होते, ही नमूद करण्यासारखी गोष्ट आहे. फसलेला प्रयोग कपाटांत ठेवण्याचा मोह फार मोठा असतो. विशेषतः जेथें रोगी एकच होता व विचारणारें कोणी नाहीं. परंतु ती हकीकत दडपली असती तर दुसऱ्या कोठल्या तरी रुग्णालयांत तेवढीच मात्रा आणखी एका मुलाला दिली गेली असती. एकट्या रोग्याचा अनुभव हा त्या रोग्याच्या घराचा खासगी मामला आहे असें वाटणें स्वाभाविक आहे, पण तसें मानून चालत नाहीं. उलट बाजूचा दाखलाहि आहे. कोलंबिया विद्यापीठाचे डॉ. नील श्नाइडर ह्यांनीं २०१९ सालीं मज्जातंतु झिजविणाऱ्या रोगाच्या एका तरुणीसाठीं अशी चिठ्ठी वापरली. ती तरुणी २०२० सालीं वारली. पण तिच्यासाठीं केलेलें औषध तोच दोष असलेल्या इतरांना देण्यांत आलें, आणि २०२५ सालीं प्रसिद्ध झालेल्या बारा रोग्यांच्या वृत्तांतांत एक रुग्ण तरुणी पुन्हा आधाराशिवाय चालूं लागल्याची नोंद आहे.

ह्या साऱ्यांत सर्वांत कठीण प्रश्न मात्र आरंभाचा नाहीं, शेवटचा आहे. औषध थांबवावयाचें कधीं? आणि तें कोणी सांगावयाचें? रोग पूर्ण बरा करणारें औषध असेल तर हा प्रश्न येत नाहीं, आणि कांहींच न करणारें असेल तर तो आपोआप सुटतो. परंतु ह्या जातीचीं औषधें बहुधा मधलींच निघतात. तीं रोगाचा वेग कमी करतात, गेलेलें परत आणीत नाहींत. मूल चालतें-बोलतें असतां वेग मंदावला तर तें वरदान होय. मूल अंधळें, मुकें व अंथरुणाला खिळलेलें असतां वेग मंदावला, तर मंदावलें काय? त्याचे हालच लांबले, असें एखाद्या रात्रीं आईलाच वाटूं शकतें, आणि तें उच्चारण्याचें धैर्य तिला होत नाहीं. दर कांहीं महिन्यांनीं मुलाला बेशुद्ध करून पाठींत सुई घालावयाची. ती घातली नाहीं तर आपण मुलाला सोडून दिलें असें वाटावयाचें, आणि घातली तर आपण त्याला छळलें असें वाटावयाचें. डॉक्टरहि गप्प बसतो, कारण ‘आतां पुरे’ हे शब्द आईबापांनीं काढावे असें त्याला वाटतें. आणि आईबाप गप्प बसतात, कारण डॉक्टरानें आशा सोडली नाहीं असा अर्थ ते त्याच्या मौनाचा करतात. असे महिने जातात.

हा पेंच सुटण्यासारखा असेल तर तो पहिल्या सुईच्या अगोदरच सुटेल. त्या वेळीं मन त्यांतल्या त्यांत स्थिर असतें. इतक्या महिन्यांत अमुक खूण दिसली नाहीं, किंवा अमुक त्रास उद्भवला, तर औषध थांबवावयाचें, असें आईबाप, डॉक्टर व तो त्रयस्थ ह्यांनीं बसून लिहून काढावें, व थांबविल्यानंतर मुलाच्या वेदना कमी करण्यासाठीं काय करावयाचें तेंहि त्याच कागदावर असावें. असा कागद कोणाला बांधून टाकण्यासाठीं नसतो. घरच्यांचें मन बदललें तर तो बदलतां येतो. त्याचा उपयोग एवढाच कीं, जें वाक्य कोणाच्याच तोंडून निघत नाहीं तें अगोदर लिहिलेलें असतें, आणि निर्णयाचा सारा भार एका रात्रींत एका मातेवर पडत नाहीं. खर्च करणाऱ्या निधीनेंहि औषध किती वर्षें पुरवूं तें त्याच वेळीं सांगावें. मुलाला गुण येत असतां पैसा संपला म्हणून सुई बंद पडणें ह्यासारखी दुसरी क्रूर गोष्ट नाहीं.

चिठ्ठीचें औषध निदान थांबवितां तरी येतें. पोथींतच दुरुस्ती करणारा उपचार थांबवितां येत नाहीं. २०२५ च्या फेब्रुवारींत फिलाडेल्फिया येथील बालरुग्णालयांत सहा-सात महिन्यांच्या एका बाळावर असा उपचार झाला. त्याच्या यकृतांतील एका जनुकाच्या दोषामुळें प्रथिनयुक्त अन्न पचतांना रक्तांत विषारी अमोनिया सांचत असे. हा रोग झालेलीं निम्मीं बाळें तान्हेपणींच दगावतात. डॉ. रिबेका आरेन्स-निक्लस व डॉ. किरण मुसुनुरू ह्यांनीं सहा महिन्यांत त्या बाळाच्या एका अक्षराची चूक दुरुस्त करणारें औषध तयार करविलें, व प्रशासनानें त्यास एका आठवड्यांत परवानगी दिली. तीन मात्रा झाल्या. बाळ पूर्वींपेक्षां अधिक प्रथिनें पचवूं लागलें, त्याचें दुसरें औषध कमी करतां आलें, आणि तें जून महिन्यांत घरीं गेलें. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत अमेरिकी प्रशासनानें अशा औषधांना थोड्या रोग्यांच्या पुराव्यावरहि मान्यता देण्याचा नवा मार्ग जाहीर केला. ह्या पुढें असे उपचार वाढतील हें उघड आहे.

पण ह्या बाळाच्या यकृतांत जें अक्षर बदललें तें आतां बदललेलेंच राहणार. भलत्या जागचें एखादें अक्षर त्यासोबत बदललें असेल तर त्याचा परिणाम दहा वर्षांनींहि दिसूं शकेल. म्हणून जनुक-संपादन केलेल्या रोग्यांवर पंधरा वर्षें नजर ठेवावी, अशी त्याच प्रशासनाची शिफारस आहे. मोठ्या कंपनीच्या औषधाला ही देखरेख करणारी यंत्रणा असते. एका रोग्यासाठीं केलेल्या औषधाला कंपनी नसते, ग्राहक नसतो, कधीं कधीं तें घडविणारी मंडळीहि पांच वर्षांत पांगते. २०४० सालीं तें बाळ सोळा वर्षांचें होईल. आपल्या शरीरांत काय बदललें, तें कोणाच्या परवानगीनें बदललें, आणि इतके दिवस आपलें रक्त कोण व कशासाठीं तपासत होतें, हें विचारण्याइतका तो मुलगा तेव्हां मोठा झालेला असेल. त्याला दाखविण्याचे कागद तोंपर्यंत कोणाच्या कपाटांत ठेवावयाचे तें आजच नेमून दिलें पाहिजे.